बांधकामस्थळावरील धूप व गाळ नियंत्रण

बांधकामस्थळावरील धूप व गाळ नियंत्रण म्हणजे इमारती, रस्ते, लोहमार्ग, कालवे, जलवाहिन्या इत्यादींच्या बांधकामासाठी उघड्या पडलेल्या जमिनीची धूप रोखण्यासाठी, तसेच सुटलेली माती पाण्याबरोबर बांधकामाच्या हद्दीबाहेर जाऊ नये यासाठी केलेले नियोजन व उपाय होत. हा विषय स्थापत्य अभियांत्रिकी, मृदाशास्त्र आणि जलविज्ञान या तिन्ही शाखांशी संबंधित आहे.

या विषयात दोन वेगळ्या गोष्टींचा समावेश होतो. मातीचा कण मूळ जागेवरून सुटूच न देणे याला धूप नियंत्रण म्हणतात, तर सुटलेला कण हद्दीच्या आत अडवून खाली बसवणे याला गाळ नियंत्रण म्हणतात. व्यवहारात दुसऱ्या प्रकारचे उपाय अधिक ठळकपणे दिसतात. परंतु ते पहिल्याला पर्याय ठरत नाहीत. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण एकदा पाण्यात मिसळले की ते दिवसेंदिवस तरंगत राहतात आणि बहुतेक कुंपणांतून व तळ्यांतून पार होतात. त्यामुळे धूप नियंत्रण ही संरक्षणाची पहिली फळी व गाळ नियंत्रण ही दुसरी फळी मानली जाते.

पार्श्वभूमी

जमिनीची धूप ही नैसर्गिक प्रक्रिया आहे. गवत, झुडपे, पालापाचोळा आणि मुळांचे जाळे यांमुळे तिचा वेग सामान्यतः मंद राहतो. बांधकामाच्या सुरुवातीला हे आवरण काढले जाते, वरचा सुपीक थर खरवडला जातो, उंचवटे कापले जातात आणि सखल जागी भराव टाकला जातो. अवजड यंत्रांच्या वर्दळीमुळे जमीन दाबली जाते व तिची पाणी मुरवण्याची क्षमता घटते. परिणामी एकीकडे सैल, उघडी माती वाढते आणि दुसरीकडे पृष्ठभागावरून वाहणारे पाणीही वाढते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते, बांधकामस्थळांवरून वाहून जाणाऱ्या गाळाचे प्रमाण शेतजमिनीच्या तुलनेत सर्वसाधारणपणे १० ते २० पट, तर वनजमिनीच्या तुलनेत १,००० ते २,००० पट असते. बांधकामाचा काळ एखाद-दोन वर्षांचाच असला तरी त्या अवधीत ओढ्यानाल्यांत येणारा गाळ अनेक दशकांत नैसर्गिकरीत्या साचणाऱ्या गाळापेक्षा जास्त असू शकतो.

धुपीची प्रक्रिया

पाण्यामुळे होणारी धूप साधारणपणे चार टप्प्यांत दिसते.

थेंबांच्या आघाताने होणारी धूप: पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो. या आघाताने मातीची ढेकळे फुटतात, कण उडतात आणि बारीक कण छिद्रांत बसून पृष्ठभागावर पापुद्रा तयार होतो. त्यामुळे पाणी मुरणे आणखी कमी होते.

सालकाढी धूप: न मुरलेले पाणी पातळ थराच्या रूपात उतारावरून वाहते आणि वरच्या मातीचा थर जवळजवळ समप्रमाणात घेऊन जाते. ही धूप सहजासहजी नजरेस येत नाही.

ओघळी धूप: पाणी एकत्र होऊन लहान ओघळी पडतात. या ओघळी काही सेंटिमीटर खोल असतात आणि त्या यंत्राने किंवा फावड्याने बुजवता येतात.

घळी धूप: ओघळी एकमेकींना मिळून खोल घळी तयार होतात. या टप्प्यावर भराव, रस्त्याची कड किंवा पायाचा भाग खचण्याचा धोका असतो आणि दुरुस्ती खर्चिक होते.

पहिल्या टप्प्यावर जमिनीवरील साधे आच्छादन पुरेसे ठरते. पुढील प्रत्येक टप्प्यावर उपायांचा आकार, खर्च आणि अपयशाची शक्यता वाढत जाते.

धूप ठरवणारे घटक

धुपीचा अंदाज करण्यासाठी सार्वत्रिक मृदाऱ्हास समीकरण मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. अमेरिकेच्या कृषी विभागातील वॉल्टर विशमायर व ड्वाइट स्मिथ यांनी शेतजमिनीवरील दीर्घकालीन मोजमापांच्या आधारे ते विकसित केले. ते १९६५ मध्ये व सुधारित रूपात १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. या समीकरणानुसार वार्षिक सरासरी मृदाऱ्हास हा पुढील घटकांचा गुणाकार असतो:

• पावसाची क्षरणशक्ती – पावसाचे प्रमाण व त्याची तीव्रता.
• मातीची क्षरणशीलता – कणांचा आकार, सेंद्रिय द्रव्य, मातीची रचना व पाणी मुरण्याचा वेग. पोयटा आणि अतिबारीक वाळू यांचे प्रमाण अधिक असलेली माती सर्वांत सहज सुटते.
• उताराची लांबी व तीव्रता.
• आच्छादन व व्यवस्थापन – पूर्ण उघड्या जमिनीसाठी या घटकाचे मूल्य १ धरतात. दाट व स्थिरावलेल्या गवतासाठी ते ०.०१ किंवा त्याहूनही कमी असते.
• संधारणाचे उपाय – समपातळीतील चर, बांध, पायऱ्या इत्यादी.

पाऊस आणि मातीचा प्रकार बदलणे बांधकाम करणाऱ्याच्या हाती नसते. मात्र उताराची लांबी तोडणे, जमीन झाकणे आणि एका वेळी उघडी राहणारी जमीन मर्यादित ठेवणे शक्य असते. घटकांचा गुणाकार होत असल्याने केवळ आच्छादनाचे मूल्य १ वरून ०.१ वर आणले, तरी अंदाजित धूप एकदशांशावर येते.

या समीकरणाला मर्यादा आहेत. ते सालकाढी व ओघळी धुपीची दीर्घकालीन सरासरी दाखवते. घळी धूप, दरड कोसळणे किंवा एका विशिष्ट वादळी पावसात वाहून जाणारी माती यांचा अंदाज त्यावरून करता येत नाही.

कण खाली बसण्याचा वेग

गाळ नियंत्रणाचे बहुतेक उपाय पाणी थोपवून त्यातील कण खाली बसू देण्यावर आधारलेले आहेत. स्थिर पाण्यातील सूक्ष्म कणाचा खाली जाण्याचा वेग जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमाने काढता येतो. हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजेच व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी होतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास खनिज कणांना लागणारा अंदाजे वेळ पुढीलप्रमाणे आहे:

• बारीक वाळू (व्यास ०.१ मिमी) – सुमारे २ मिनिटे
• पोयटा (व्यास ०.०१ मिमी) – सुमारे ३ तास
• चिकणमाती (व्यास ०.००१ मिमी) – सुमारे १३ दिवस

बांधकामावरील तळ्यात पाणी साधारणतः काही तास ते दोन-तीन दिवस थांबते. तेवढ्या वेळात वाळू व पोयट्याचा बराच भाग तळाशी बसतो; चिकणमाती मात्र पाण्याबरोबर बाहेर पडते. शिवाय चिकणमातीच्या कणांवर समान विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात व आपोआप गोळा होत नाहीत. त्यामुळे चिकणमाती अधिक असलेल्या जागी केवळ तळे किंवा कुंपण यांवर विसंबून बाहेर जाणारे पाणी स्वच्छ राखता येत नाही. महाराष्ट्राच्या पठारावरील काळी कापसाची जमीन अशा प्रकारात मोडते.

परिणाम

गाळामुळे पाणी गढूळ होते, सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही आणि पाणवनस्पतींची वाढ खुंटते. माशांच्या कल्ल्यांना इजा होते. खडीवाळूतील पोकळ्या बुजल्याने तेथे अंडी घालणाऱ्या माशांची व तळाशी राहणाऱ्या कीटकांची वसतिस्थाने नष्ट होतात. फॉस्फरससारखी पोषकद्रव्ये आणि जड धातू सूक्ष्म कणांना चिकटून पाण्यात पोहोचतात.

शहरांत गाळाचा सर्वांत प्रत्यक्ष परिणाम पावसाळी गटारांवर होतो. गटार व नाला गाळाने भरल्यास त्याची वहनक्षमता घटते आणि नेहमीच्या पावसातही पाणी रस्त्यावर व सखल वस्त्यांत शिरते. जलाशयात पोहोचलेला गाळ साठवणक्षमता कमी करतो आणि पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च वाढवतो.

बांधकामाचेही यात नुकसान होते. पाया उघडा पडणे, भराव खचणे, खोदलेले चर पुन्हा भरणे आणि पावसाळ्यानंतर तेच मातीकाम दुसऱ्यांदा करावे लागणे ही त्याची नेहमीची रूपे आहेत. ट्रकच्या चाकांबरोबर सार्वजनिक रस्त्यावर आलेला चिखल ओला असताना दुचाकी घसरण्यास, तर सुकल्यावर धुळीस कारणीभूत ठरतो.

नियोजन

धूप नियंत्रणाचा आराखडा जमीन साफ करण्यापूर्वी तयार केला जातो. त्यात जागेचे चढउतार, मातीचे प्रकार, पाणी आत येण्याच्या व बाहेर पडण्याच्या जागा, जवळचे ओढे व गटारे, कामाचे टप्पे आणि देखभालीची जबाबदारी यांची नोंद असते. आराखड्याची सर्वमान्य तत्त्वे अशी:

१. जेवढी जमीन तातडीने लागणार आहे तेवढीच उघडी करणे आणि काम टप्प्याटप्प्याने पुढे नेणे.
२. मोठे मातीकाम कोरड्या हंगामात उरकणे.
३. तीव्र उतार व ओढ्याकाठची झाडी शक्यतो न छेडणे.
४. वरच्या बाजूने येणारे स्वच्छ पाणी वळवून उघड्या मातीपासून दूर ठेवणे.
५. लांब उतार तोडून पाण्याचा वेग कमी करणे.
६. काम थांबलेल्या किंवा संपलेल्या भागावर लगेच आच्छादन करणे.
७. हद्दीवर गाळ अडवण्याची सोय ठेवणे व प्रत्येक पावसानंतर ती तपासणे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा असतो. प्रथम प्रवेशमार्ग व हद्दीवरील गाळरोधक, त्यानंतर गाळतळी व पाणी वळवणारे चर आणि त्यानंतरच सरसकट खोदाई, असा क्रम सुचवला जातो. प्रत्यक्षात बहुतेक अपयश या क्रमाच्या उलट्या अंमलबजावणीतून येते; खोदाई आधी होते आणि गाळतळी पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवतात.

भारतीय मोसमी हवामानात दुसऱ्या तत्त्वाला विशेष अर्थ आहे. महाराष्ट्रातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंतच्या काळात भराव पूर्ण करून उतारांवर आच्छादन केल्यास जोखीम बरीच घटते. गवताला रुजण्यासाठी मात्र ओलावा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात तयार झालेल्या उतारावर भूवस्त्र किंवा पेंढा अंथरून ठेवणे आणि सुरुवातीच्या सरींवर बी रुजू देणे असा मधला मार्ग काढावा लागतो.

धूप नियंत्रणाचे उपाय

आच्छादन: भाताचा पेंढा, वाळलेले गवत, उसाचे पाचट किंवा लाकडाचा भुसा जमिनीवर पसरल्याने थेंबांचा आघात थेट मातीवर होत नाही. पेंढ्यासाठी हेक्टरी सुमारे ४.५ ते ५ टन हे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरतात. वारा किंवा पाण्याने तो उडून-वाहून जाऊ नये म्हणून जाळी, दोरी किंवा चिकटद्रव्य वापरले जाते.

पेरणी: काही आठवडे वा महिने मोकळ्या राहणाऱ्या जागेवर लवकर उगवणारे गवत किंवा धान्य पेरतात. मोठ्या उतारांवर बी, खत, तंतू व पाणी यांचे मिश्रण पंपाने फवारले जाते.

भूवस्त्रे: ताग व काथ्या यांपासून विणलेली जाळी उतारावर अंथरून खुंट्यांनी घट्ट बसवतात. ती मातीला सर्वत्र टेकलेली असावी लागते, अन्यथा पाणी तिच्याखालून वाहते. कालांतराने ती कुजून मातीत मिसळते व तोवर गवताची मुळे पकड घेतात. काथ्यात लिग्निनचे प्रमाण जास्त असल्याने काथ्याचे वस्त्र तागापेक्षा अधिक काळ टिकते.

वाळा: वाळा हे मूळचे भारतीय उपखंडातील गवत पडदे व अत्तर यांसाठी परिचित आहे. त्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात. समपातळीत दाट लावलेल्या वाळ्याच्या ओळी पाण्याचा वेग कमी करतात व गाळ अडवतात. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतात राबवलेल्या पाणलोट प्रकल्पांमधून या पद्धतीचा प्रसार झाला.

उतार खडबडीत करणे: गुळगुळीत केलेला उतार नीटनेटका दिसत असला तरी त्यावरून पाणी वेगाने उतरते. साखळीच्या चाकांचे यंत्र उताराच्या दिशेने वर-खाली चालवल्यास पट्ट्यांचे ठसे समपातळीत आडवे उमटतात आणि लहान बंधाऱ्यांचे काम करतात. यंत्र आडवे चालवल्यास हेच ठसे उभे पडतात व ओघळींना वाट करून देतात.

मातीच्या ढिगांचे रक्षण: खरवडलेला सुपीक थर वेगळा साठवून पुढे बागकामासाठी वापरतात. ढीग नाल्यापासून दूर ठेवून त्यावर ताडपत्री घालतात किंवा पेरणी करतात. ताडपत्रीवरून पाणी वेगाने घसरत असल्याने ढिगाच्या पायथ्याशी चर लागतो.

वाहत्या पाण्याचे नियमन

उताराच्या माथ्यावर काढलेला वळणचर वरून येणारे स्वच्छ पाणी बाजूला नेतो. उतारावरून पाणी खाली आणणे भाग असल्यास ते उघड्या मातीवरून न सोडता नळातून किंवा दगडी पाटातून आणतात. चरामध्ये ठराविक अंतरावर दगडांचे लहान बंधारे घालतात. वरच्या बंधाऱ्याचा पायथा आणि खालच्या बंधाऱ्याचा माथा एका पातळीत येईल एवढे त्यांच्यात अंतर ठेवतात. बंधाऱ्याचा मध्यभाग कडांपेक्षा खोलगट ठेवला नाही, तर पाणी बाजूने फिरून काठ कापते. नळाच्या किंवा चराच्या तोंडाशी दगडी पिचिंग करून पाण्याचा जोर मोडला जातो.

महाराष्ट्रातील पाणलोट क्षेत्र विकासाचे ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व बांधकामस्थळालाही लागू पडते. पाणी माथ्यावर हाताळले तर पायथ्याशी मोठ्या रचनांची गरज उरत नाही. मात्र शेतीतील उपाय येथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. शेतात पाणी अडवून जिरवणे हा हेतू असतो. नव्याने कापलेल्या डोंगरउताराच्या माथ्यावर किंवा ताज्या भरावात पाणी जिरवल्यास माती जड होऊन तिची पकड सुटते व उतार ढासळू शकतो. अशा ठिकाणी पाणी सुरक्षित मार्गाने लवकर बाहेर काढावे लागते.

गाळ नियंत्रणाचे उपाय

गाळरोधक कुंपण: खांबांना ताणून बसवलेल्या कृत्रिम कापडाचे हे कुंपण जगभर वापरले जाते. ते गाळणीसारखे काम करते असा समज आहे. प्रत्यक्षात ते पाणी तात्पुरते थोपवते आणि कण खाली बसण्यास वेळ देते. कापडाची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती दाबावी लागते, अन्यथा पाणी खालून निघून जाते. कुंपण समपातळीत घालून त्याची टोके चढाच्या दिशेला वळवतात. ३० मीटर लांबीच्या कुंपणावर सुमारे ०.१ हेक्टरपेक्षा अधिक क्षेत्राचे पाणी येऊ देऊ नये असा दंडक आहे. ओढ्यात किंवा नाल्यात आडवे कुंपण घालणे चुकीचे असते, कारण एकवटलेल्या प्रवाहापुढे ते टिकत नाही.

गाळतळी: मोठ्या क्षेत्रासाठी तळे खोदून त्यात पाणी थांबवतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या एका मापदंडानुसार पाणलोटाच्या प्रत्येक एकरामागे ३,६०० घनफूट, म्हणजे हेक्टरी सुमारे २५० घनमीटर साठवण ठेवतात. आकारमानाइतकेच पृष्ठफळही महत्त्वाचे असते. पाणी आत येण्याची व बाहेर पडण्याची जागा एकमेकींपासून दूर ठेवतात आणि शक्य असल्यास पृष्ठभागावरील तुलनेने निवळ पाणीच बाहेर सोडतात.

प्रवेशमार्ग: वाहनांच्या चाकांचा चिखल निघावा म्हणून फाटकाशी भूवस्त्रावर ५० ते ७५ मिमी आकाराच्या दगडांचा किमान १५ सेंटिमीटर जाडीचा व सुमारे १५ मीटर लांबीचा थर देतात. मोठ्या कामांवर चाके धुण्याची सोय असते. ते पाणीही गाळतळ्यात सोडावे लागते.

गटारांच्या तोंडाचे रक्षण: पावसाळी गटाराच्या जाळीभोवती खडी किंवा वाळूच्या गोण्या रचतात. पाणी तुंबून रस्त्यावर पूर येऊ नये यासाठी जादा पाणी जाण्याची वाट ठेवणे आवश्यक असते.

पाणी उपसा: तळघराच्या खोदाईत साचलेले गढूळ पाणी पंपाने थेट गटारात सोडणे ही शहरांतील एक मोठी त्रुटी असते. हे पाणी निवळण टाकीतून किंवा गाळणपिशवीतून सोडणे अपेक्षित असते.

कणबंधक रसायने: जिप्सम किंवा ऋणभारित पॉलिअ‍ॅक्रिलामाइड यांच्या साहाय्याने चिकणमातीचे कण एकत्र येऊन जड होतात व खाली बसतात. धनभारित पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटून विषारी ठरू शकत असल्याने त्यांच्या वापरावर कडक बंधने असतात.

देखभाल

देखभालीअभावी चांगली रचनाही निरुपयोगी ठरते. कुंपणामागील गाळ त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत पोहोचण्यापूर्वी काढावा लागतो. गाळाने भरलेले तळे पाणी थांबवू शकत नाही, आणि फुटलेल्या तळ्यातून एकदम सुटलेला लोंढा तळे नसताना झाला असता त्याहून अधिक नुकसान करतो. अमेरिकेतील केंद्रीय परवान्यानुसार तपासणी दर सात दिवसांनी, किंवा दर चौदा दिवसांनी आणि शिवाय पाव इंच वा अधिक पाऊस झाल्यावर २४ तासांच्या आत करावी लागते. काम चौदा किंवा अधिक दिवस थांबणार असल्यास त्या भागाचे स्थिरीकरण लगेच सुरू करणे बंधनकारक असते.

इतिहास

शेतीतील मृदसंधारणाच्या मानाने बांधकामावरील धूप नियंत्रण हा नवा विषय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांचा झपाट्याने विस्तार होऊ लागल्यावर त्याकडे लक्ष गेले. भूरूपशास्त्रज्ञ एम. गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये मेरीलँड राज्यातील नद्यांच्या अभ्यासावरून गाळाचे एक चक्र मांडले. जंगल असताना गाळ अत्यल्प असतो, शेती आल्यावर तो वाढतो, बांधकामाच्या अल्प काळात तो शिखर गाठतो आणि शहर वसल्यावर जमीन झाकली गेल्याने पुन्हा घटतो. त्यानंतर मात्र फरसबंद जमिनीवरून वाढलेले पाणी ओढ्यांचे पात्र व काठ खरवडू लागते.

मेरीलँडने १९७० मध्ये राज्यव्यापी गाळ नियंत्रण कायदा केला. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन पावसाळी पाण्याचा निचरा परवान्याच्या कक्षेत आला. १९९० च्या नियमांनी पाच एकर किंवा अधिक जमीन उघडी करणाऱ्या कामांना आणि १९९९ च्या नियमांनी एक एकरापासूनच्या कामांना परवाना आवश्यक केला. २००९ मध्ये मोठ्या कामांवरून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणाला २८० एककांची संख्यात्मक मर्यादा घालण्यात आली होती. परंतु तिला आव्हान दिले गेले व २०१४ मध्ये ती मागे घेण्यात आली.

सिंगापूरमध्ये बांधकामावरून गटारात सोडल्या जाणाऱ्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याची २००४ ची मार्गदर्शिका ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखली जाते आणि मातीच्या प्रकारानुसार गाळतळ्यांची वेगवेगळी रचना सुचवते.

भारतातील स्थिती

भारतात बांधकामावरील धूप व गाळ यांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आणि पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ यांतील तरतुदी सर्वसाधारण स्वरूपाच्या आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राच्या इमारत प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते. सुपीक माती साठवून पुन्हा वापरणे ही त्यातील नेहमीची अट असते. हा निकष उघड्या पडणाऱ्या जमिनीवर नव्हे, तर बांधीव क्षेत्रावर आधारलेला असल्याने अनेक लहान प्रकल्प त्याबाहेर राहतात. एकाच नाल्याच्या पाणलोटात अशी कामे एकाच वेळी चालू असल्यास त्यांचा एकत्रित परिणाम मोठा असतो.

तांत्रिक पातळीवर भारतीय रस्ते काँग्रेसची ‘आयआरसी ५६’ ही संहिता भराव व रस्त्याकडेच्या उतारांच्या धूप नियंत्रणासाठी, तर भारतीय मानक १४९८६ हे तागाच्या भूवस्त्राच्या वापरासाठी आहे. भारतीय हरित इमारत परिषदेच्या नव्या इमारतींसाठीच्या मानांकनात मृदा धूप नियंत्रण ही अनिवार्य अट आहे.

महाराष्ट्रात शेतीतील मृदसंधारणाची परंपरा जुनी आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीच्या कामांना कायद्याचे पाठबळ दिले. शहरी बांधकामाबाबत भर मुख्यतः उतार राखण्यावर आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवरील विकासावर निर्बंध आहेत. गोव्यात नगर व ग्रामनियोजन अधिनियमाच्या कलम १७अ नुसार पूर्वपरवानगीशिवाय डोंगर कापण्यास व सखल जमीन भरण्यास मनाई आहे.

जून २०१३ मध्ये पुणे-सातारा महामार्गावर कात्रज घाटाजवळील शिंदेवाडी परिसरात मुसळधार पावसाच्या लोंढ्यात एक महिला व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. डोंगरफोड आणि बुजलेले नैसर्गिक नाले यांचा प्रश्न त्या घटनेने ऐरणीवर आणला. उताराच्या माथ्यावर केलेल्या मातीकामाची किंमत पायथ्याच्या लोकांना मोजावी लागू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मर्यादा

धूप व गाळ नियंत्रणाच्या रचना ठराविक तीव्रतेच्या पावसासाठी आखलेल्या असतात. अतिवृष्टीत त्या भरून वाहू शकतात. दाट वस्तीतील लहान भूखंडांवर गाळतळ्यासाठी जागा नसते. आराखडा करणारा, मातीकामाचा ठेकेदार आणि तपासणी करणारा हे वेगवेगळे असल्याने जबाबदारी विभागली जाते. तसेच धूप नियंत्रणावरील खर्च बांधकाम करणाऱ्याला सोसावा लागतो, तर गाळ काढण्याचा खर्च बहुधा स्थानिक स्वराज्य संस्थेवर व अखेरीस नागरिकांवर पडतो. त्यामुळे ऐच्छिक पालनाला मर्यादा येतात आणि नियमित तपासणीला महत्त्व प्राप्त होते.

हे सुद्धा पहा

• जमिनीची धूप
• मृदसंधारण
• पाणलोट क्षेत्र विकास
• पर्यावरणीय आघात मूल्यांकन
• वाळा
• काळी मृदा